तज्ज्ञ आणि गाव यांच्यात बिनसलं कुठे?

प्रश्न विचारणारा तरुण कृषी पदवीधर आहे. धुळे जिल्ह्यात गावोगाव फिरून पिकांचा सल्ला द्यायचं काम करतो. तो लिहितो, की सभेत बोलायला उभं राहिलं की मागून कुणीतरी म्हणतं, ‘तज्ज्ञांनीच तर वाट लावली.’ परवा एका पुढाऱ्याने भाषणात ‘एसीत बसणाऱ्या शास्त्रज्ञांना शेतीतलं काय कळतं’ असं विचारलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. टीव्हीवर रोज नवा तज्ज्ञ नवं काहीतरी सांगतो. लोकांचा ज्ञानावरचा विश्वासच उडाला आहे का, आपण काय करायचं, आणि वाहिनीवाले चर्चेला बोलावतात तर जावं का, असे त्याचे तीन प्रश्न आहेत.

माझं सगळं काम जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या कापूस-केळीत गेलं, म्हणून उत्तरही तिथूनच देतो.

ज्ञानावरचा विश्वास उडाला आहे, असं मला वाटत नाही. ठिबक असो, टिश्यू कल्चरची केळी असो, विद्राव्य खतं असोत, खान्देशातल्या शेतकऱ्याने कर्ज काढून या गोष्टी रानात आणल्या. एकरी एवढा पैसा गुंतवणारा माणूस शास्त्राचा वैरी कसा असेल? त्याला नकोसा झाला आहे तो छातीठोक सल्ला देणारा, पण सल्ला चुकला तर स्वतःचं काहीच न जाणारा माणूस. पारोळ्याकडच्या एका सभेत एका म्हाताऱ्या बाबांनी सरळ विचारलं होतं, ‘साहेब, तुमनं ऐकं आनि पीक गयं, तं भरी कोन देई?’ राग सगळा याच प्रश्नातून निघतो. त्याला उत्तर न देता आपण पुढची स्लाइड दाखवायला लागलो, की सभा तिथेच संपते.

आता ‘तज्ज्ञांनीच वाट लावली’ हे वाक्य घ्या. ते हवेतून आलेलं नाही, त्यामागे कपाशीचा पंधरा वर्षांचा इतिहास आहे आणि तो तुम्हाला पाठ पाहिजे.

बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळी मारणारं जनुक घातलेल्या कापसाला, आपल्या देशात मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. दोन जनुकांचं बोलगार्ड-२ आलं ते २००६ मध्ये. पहिली काही वर्षं बोंडअळीची फवारणी खरोखर कमी झाली. ज्यांनी ती वर्षं पाहिली त्यांना तो दिलासा आठवतो आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण गावात गेलेला निरोप एका ओळीचा होता: आता अळी लागणार नाही. तंत्रज्ञान ज्यांनी तपासलं, त्यांच्या कागदांत मात्र असं कुठेच नव्हतं. तिथे स्पष्ट अट होती, की बीटीच्या कडेने बिगर-बीटीच्या ओळी लावायच्या, म्हणजे अळीत प्रतिकारशक्ती लवकर येणार नाही. त्यासाठीच ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची वेगळी पुडी यायची. ती पुडी कशासाठी आहे, हे दुकानाच्या काउंटरवर किती जणांना सांगितलं गेलं? मी बांधावर पडलेल्या पुड्या पाहिल्या आहेत, पोरांनी खेळायला घेतलेल्या पाहिल्या आहेत. ज्यांनी लावल्या त्यांतल्या अनेकांचं म्हणणं होतं, की ते बी धड उगवलंच नाही.

शेंदरी बोंडअळी तर जवळजवळ फक्त कापसावरच जगते. तिला दुसरीकडे जायची गरज नाही, म्हणून तिच्यात प्रतिकारशक्ती येणार हे ठरलेलंच होतं. त्यात आपल्याकडे बागायती कापूस मे महिन्यात लागतो, म्हणजे सुप्तावस्थेतून निघालेल्या पतंगांना पहिली फुलं तयार मिळतात. पुढे फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावरही पाणी देऊन ठेवलेली कपाशी, मार्चपर्यंत रानात उभी राहते, म्हणजे अळीची सोय वर्षभर होते. गुजरातेत पहिल्या जनुकाला अळी दाद देत नाही, हे २०१० पर्यंत जाहीर झालं होतं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे तेव्हाचे संचालक डॉ. केशव क्रांती यांनी दुसऱ्या जनुकाबद्दलही वेळीच सावध केलं होतं. म्हणजे तज्ज्ञ बोलत होते. पण त्यांचा आवाज बियाण्याच्या जाहिरातीएवढ्या जोरात गावात पोचला नाही, आणि पोचवणं हे ज्या यंत्रणेचं काम होतं तिनेही ते मनावर घेतलं नाही. मग २०१७ उजाडलं. बोंड बाहेरून हिरवंगार, टणक. फोडलं की आत गुलाबी अळी आणि सडलेली सरकी. अळी आत शिरली की भोक बुजतं, फवारा आत पोचत नाही. कवडी, म्हणजे किडका डागी कापूस, घेऊन माणूस व्यापाऱ्याकडे गेला तेव्हा त्याला तज्ज्ञ आठवले, आणि राग आला.

यातही त्याला कळत नव्हतं, की नेमके कुठले तज्ज्ञ. संस्थेत बसून इशारा देणारा, कंपनीच्या मेळाव्यात भाषण करणारा आणि विद्यापीठातून येऊन त्याच मेळाव्यात हार घालून घेणारा, हे तिघं त्याच्या लेखी एकच. सरकारी संस्थेने स्वतःचं म्हणून आणलेलं ‘बिकानेरी नरमा’ हे बीटी वाण २००९ मध्ये बाजारात आलं, तर त्यात कंपनीच्याच बीटीचा अंश निघाला आणि विक्री थांबवावी लागली. सरकारी संशोधन तरी निराळं असेल, असं मानणाऱ्यांचीही त्यामुळे अडचण झाली.

मग राजकारण आत आलं. २०१७ च्या डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनात सरकारने कोरडवाहूला हेक्टरी ३०,८०० आणि बागायतीला ३७,५०० रुपये मदत जाहीर केली. त्यातले १६,००० बियाणे कंपन्यांकडून यायचे होते. कंपन्यांचा तो वाटा वादात अडकला. शेतकऱ्याच्या लक्षात राहिला तो सभागृहातला आकडा आणि हातात पडलेली रक्कम यांच्यातला फरक. म्हणून तुमच्या सभेत मागून आवाज येतो तेव्हा चिडू नका. त्या माणसाजवळ कारण आहे.

पण एवढ्याने चित्र पुरं होत नाही. आपल्यावरचा अविश्वास त्याला दुसरीकडे कुठे नेतो, तेही पाहिलं पाहिजे. रावेर-यावल पट्ट्यात २०२० च्या पावसाळ्यात केळीवर सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) हा रोग आला, शेतकरी त्याला हरण्या म्हणतात. मृगबाग, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाला लावलेली बाग, तीन-चार महिन्यांची, पानांवर पिवळे पट्टे, पुढे पोंगा, म्हणजे मधलं कोवळं पान, सडतो. हा विषाणू आहे, मावा तो पसरवतो, आणि लागलेलं झाड बरं करणारं औषध जगात कुठेही नाही. झाड उपटायचं, बागेबाहेर नेऊन नष्ट करायचं, मावा आवरायचा, आजूबाजूचं तण आणि काकडी-भोपळ्याचे वेल काढायचे. एवढंच.

हे सांगायला बागेत गेलं की काय होतं, ते एकदा डोळ्यांनी बघा. शेतकरी रोपाशी उभा असतो. रोप त्याने पैसे मोजून आणलेलं, ठिबक चालू, लागवडीच्या खताचा बेसल डोस पडलेला. तुम्ही म्हणता, उपटा. तो म्हणतो, ‘साहेब, दोन पट्टे दिसताहेत, बाकी झाड चांगलं आहे.’ तेवढ्यात कृषी सेवा केंद्रवाल्याचा फोन येतो. तो म्हणतो, उपटू नका, एक टॉनिक आलंय, अमुक बुरशीनाशकाबरोबर मारा, आठ दिवसांत फरक पडेल. पैसे केळी निघाल्यावर द्या. आता त्याने कुणाचं ऐकावं? तुम्ही तोट्याचं खरं सांगितलं, त्याने आशेचं खोटं सांगितलं. शिवाय तो रात्री नऊला फोन उचलतो, उधारी देतो, लेकीच्या लग्नाला येतो. पंधरा दिवसांनी तेच झाड शेजारच्या पन्नास झाडांना रोग देऊन मोकळं होतं, आणि दोष पुन्हा ‘सल्ला देणाऱ्यांवर’ येतो, कारण तोवर कुणी काय सांगितलं होतं याची सरमिसळ झालेली असते.

दुकानदाराला शत्रू समजायचं कारण नाही. गावाच्या सर्वांत जवळचा तज्ज्ञ तोच आहे, आणि त्यांतले पुष्कळ जण प्रामाणिक आहेत. पण बाटली विकली तरच त्याचं पोट भरतं, आणि ‘काही मारू नका’ या सल्ल्यात कुणाचंच दुकान चालत नाही. तसंच तणनाशक सहन करणाऱ्या चोरबीटीचं. त्याला अजून परवानगी नाही, पाकिटावर धड नाव नाही, बिल नाही, फसलं तर तक्रार करायला जागा नाही. तरी ते खपतं. विद्यापीठाच्या शिफारशीवर शंका घेणारा माणूस बिनबिलाच्या पाकिटावर भरवसा ठेवतो, कारण शेजाऱ्याच्या रानात निंदणीचा खर्च वाचलेला त्याने स्वतः पाहिलेला असतो. त्याला छापील पत्रकापेक्षा डोळ्यांनी पाहिलेलं खरं वाटतं. हे ध्यानात ठेवा, पुढे त्याचा उपयोग आहे.

हवामानाचं प्रकरण निराळं. तिथे सांगणाऱ्यापेक्षा सांगण्याच्या रीतीत गोम आहे. हवामान खातं एप्रिलमध्ये मान्सूनचा जो टक्का देतं तो सगळ्या देशाचा, जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा मिळून असतो. दीर्घकालीन सरासरी ८७ सेंटीमीटर धरून तो काढतात आणि त्याला चार-पाच टक्क्यांची मागेपुढे चूक गृहीतच असते. बातमीत मात्र ‘यंदा पाऊस चांगला’ एवढंच येतं आणि अमळनेरच्या कोरडवाहू शेतकऱ्याला ते आपल्या शिवाराचं वाटतं. २०२३ मध्ये अंदाज होता ९६ टक्के, पडला ९४. आकडा म्हणून अंदाज जवळपास अचूक ठरला. पण त्याच वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. आपली कपाशी पात्या-फुलावर असताना पावसाने ओढ दिली, आणि त्या शेतकऱ्याला ९४ टक्क्यांचं काय करायचं? उलट २०१९ मध्ये अंदाज ९६ होता आणि पडला ११०. जुलै २०१७ मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यात शेतकरी हवामान खात्याविरुद्ध थेट पोलिसांत गेले होते. बियाणे-कीटकनाशक कंपन्यांशी संगनमत करून अंदाज दिले, हा त्यांचा आरोप. तो आरोप मला पटत नाही, पण दुबार पेरणीला बियाणं उसनं आणणारा माणूस तिथवर का जातो, ते कळतं.

त्याच वेळी मोबाइलवर एखादा खासगी अभ्यासक तारीख आणि तालुका सांगून मोकळा होतो: अमुक तारखेला चाळीसगाव, पाचोऱ्याला पाऊस. भाषा आपली, शंका कुठेच नाही. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळच्या घटमांडणीचं, म्हणजे घट आणि धान्य मांडून सांगितलेलं पाऊस-पिकाचं, भाकीत वाहिन्यांवर येतं आणि त्याला हवामान खात्याच्या अंदाजाएवढीच, कधी जास्त जागा मिळते. लोकांच्या श्रद्धेला हात लावायची गरज नाही. आखाजी हा आपला सर्वांत मोठा सण आहे आणि त्या दिवसांत पावसाची चर्चा होणारच. माझी तक्रार संपादकांशी आहे. परंपरा आणि मोजमाप यांना एकाच पट्टीत, एकाच आवाजात दाखवलं, की कशाच्या मागे किती आधार आहे हे बघणाऱ्याने ठरवायचं तरी कसं? आणि हंगाम संपल्यावर कुणाचं किती खरं ठरलं, हे कुठली वाहिनी दाखवते?

निवडणुकीतही हेच. १ जून २०२४ च्या संध्याकाळी बहुतेक एक्झिट पोलनी रालोआला साडेतीनशेच्या पुढे नेलं. ४ जूनला निकाल लागला २९३. आपल्याकडे जळगाव-रावेर एकीकडे गेले आणि धुळे-नंदुरबार दुसरीकडे. त्यातही धुळ्याची जागा चार हजारांहून कमी मतांनी फिरली. एवढ्या निसटत्या जागेबद्दल कुठलाही सर्वेक्षणवाला ठामपणे सांगू शकत नाही, आणि चांगला सर्वेक्षणवाला ते कबूलही करतो. पण त्याची कबुली पडद्यावर येत नाही, फक्त आकडा येतो. पडद्यावर आठ चौकटींत आठ माणसं बसतात, काल सीमेवर बोललेला आज कांद्यावर बोलतो, दोन्ही वेळा त्याच्या नावाखाली ‘तज्ज्ञ’ लिहिलेलं असतं. ज्याने वीस वर्षं कांद्याच्या साठवणुकीवर घालवली तो तिथे नसतो, कारण ‘हे बियाण्यावर, ओलाव्यावर अवलंबून आहे’ असं तो म्हणणार, आणि त्यात भांडण होत नाही.

पुढाऱ्यांचं म्हणाल तर ही काही खान्देशची किंवा भारताची खास गोष्ट नाही. २०१६ मध्ये ब्रिटनचे मंत्री मायकल गोव्ह युरोपबद्दलच्या मतदानाआधी म्हणाले होते, की लोकांना आता तज्ज्ञांचा वीट आला आहे. त्याच देशात १९९० मध्ये, गाईंच्या ‘मॅड काऊ’ रोगाची भीती असताना, जॉन गमर या मंत्र्यांनी कॅमेऱ्यासमोर आपल्या लहान मुलीला बर्गर देऊन गोमांस सुरक्षित असल्याचं दाखवलं होतं. १९९६ मध्ये सरकारलाच मान्य करावं लागलं, की गाईंच्या त्या रोगाचा माणसांतल्या आजाराशी संबंध असावा. शास्त्रज्ञ ‘धोका कमी दिसतो, पण नाही असं म्हणता येत नाही’ असं सांगतात. पुढारी त्यातलं शेवटचं अर्धं वाक्य कापतो, कारण ते मतांना अडचणीचं असतं. आणि अंगाशी आलं की म्हणतो, आम्ही तज्ज्ञांचंच ऐकलं. समिती नेमताना तज्ज्ञ लागतात, अहवाल गैरसोयीचा निघाला की तेच एसीत बसणारे होतात. टाळ्या मिळवून गेलेल्या त्या पुढाऱ्याच्या घरात कुणी आजारी पडलं तर तो कुठे जातो, हे गावालाही माहीत असतं.

तज्ज्ञ गावाजवळ असला की काय होतं, याचं उदाहरणही आपल्याकडेच आहे. नंदुरबारचे तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड स्वतः डॉक्टर, साक्री तालुक्यातल्या भिल्ल कुटुंबातले. करोनाची पहिली लाट ओसरली असतानाही त्यांनी जिल्ह्यात ऑक्सिजन प्लांट उभे करायचं काम थांबवलं नाही. २०२१ च्या वसंतात मोठमोठी शहरं ऑक्सिजनसाठी धावत होती तेव्हा त्या दुर्गम जिल्ह्याकडे स्वतःची सोय होती. तिथे लोकांना विश्वास ठेवा असं सांगायची वेळ आली नाही. आणि याच्या उलट दिशेचा निर्णय: जिल्हा पातळीवर हवामान सल्ला देणारी देशभरातली १९९ केंद्रं २०२४ मध्ये बंद करण्यात आली. नंदुरबारच्या कृषी विज्ञान केंद्रातही असं केंद्र होतं. शिवाराच्या पातळीवर बोलणारा माणूस काढून घ्यायचा आणि मग शेतकरी मोबाइलवरच्या भाकितामागे का जातो असं विचारायचं, हे मला मनापासून खटकतं.

आता तुम्ही काय करायचं. माझ्या मते एकच गोष्ट सर्वांत महत्त्वाची: सल्ला असा द्या, की शेतकऱ्याला तो स्वतः तपासता येईल. ‘अळी वाढली आहे, फवारा’ असं म्हणू नका. एकरातून वीस हिरवी बोंडं तोडायला लावा, त्याच्याच ओट्यावर बसून त्याच्याच विळ्याने फोडा. दोन जिवंत अळ्या निघाल्या तर फवारणीची वेळ आली, नाही निघाल्या तर पैसे वाचले. कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यात, सलग तीन रात्री आठ-आठ पतंग पडले तर सावध व्हायचं, हे त्याला एकदा कळलं की रोज सकाळी सापळा तो स्वतःच बघतो आणि तुम्हाला फोन करून आकडा सांगतो. गावातल्या चार-पाच जणांचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. फळ्यावरच्या आकड्याला ‘तज्ज्ञांनी सांगितलं’ असं कुणी म्हणत नाही, तो गावाचा असतो. पेरणीचंही तसंच. पाऊस येणार की नाही हे सोडा, ७५ ते १०० मिलिमीटर पडल्याशिवाय पेरू नका म्हणा, आणि मंडळातल्या पर्जन्यमापकाचा आकडा रोज मोबाइलच्या गटावर टाका. ज्याला हौस आहे त्याला भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येकाचा अंदाज आणि पडलेला पाऊस लिहून ठेवायला सांगा, खात्याचाही आणि मोबाइलवाल्याचाही. दिवाळीला हिशेब आपोआप होतो.

सल्ला चिठ्ठीवर लिहून द्या, खाली तारीख आणि सही. दुकानदार बिल देतो, आपण काय देतो? सही केली की आपणही जपून लिहितो. आणि पीक फसलं तर त्या शेतात आधी जा. हे अवघड आहे, ऐकून घ्यावं लागतं, पण न जाणं हेच गावाला सर्वांत जास्त लागतं. पारोळ्याच्या बाबांच्या प्रश्नाला माझं उत्तर असं होतं: भरपाई मी देऊ शकत नाही. म्हणून तुमच्या सगळ्या रानात करा असं कधी सांगणार नाही, चार ओळींत करून पाहा, मी दर आठवड्याला येतो. लोकांना हे चालतं. खोटं आश्वासन न दिल्याचा राग कुणी धरत नाही.

प्रात्यक्षिकाच्या प्लॉटबद्दल एक वेगळं सांगतो. आपले प्लॉट बहुधा रस्त्याच्या कडेला, विहीर-वीज असलेल्या बड्या शेतकऱ्याकडे असतात, कारण तिथे साहेबांची गाडी पोचते. कोरडवाहू माणूस ते पाहून म्हणतो, हे त्याला परवडतं. पुढचा प्लॉट मुरमाड रानात, पाच एकरवाल्याकडे घ्या. उत्पन्न कमी दिसेल, फोटो चांगला येणार नाही. घ्याच. आणि कंपनीच्या खर्चाने मेळावा असेल तर भाषणाच्या सुरुवातीलाच ते सांगून टाका: जेवण यांचं आहे, माझा पगार सरकारचा आहे, मी बोलणार ते विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे. कंपनीवाल्यांना आवडणार नाही. पुढच्या वेळी बोलावलं नाही तरी चालेल.

जे माहीत नाही ते ‘माहीत नाही’ म्हणून सांगायला शिका, पण तिथे थांबू नका. ममुराबादच्या किंवा पालच्या कृषी विज्ञान केंद्रात, धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात किंवा जळगावच्या केळी संशोधन केंद्रात कुणाला विचारायचं आणि किती दिवसांत उत्तर आणून द्यायचं, तेही त्याच वाक्यात सांगा, आणि तो दिवस पाळा.

राहिला वाहिनीचा प्रश्न. विषय कापूस किंवा केळीचा असेल आणि तुम्हाला एकट्याला बोलू देणार असतील तर जा. पुढाऱ्यांच्या चौकटीत बसवणार असतील, तर नम्रपणे नाही म्हणा. तिथे तुम्ही कुणा एकाचे साक्षीदार होता आणि दुसऱ्या दिवशी निम्म्या गावाला तुमचा सल्ला ‘त्यांचा’ वाटतो. भावाबद्दल, धोरणाबद्दल, निवडणुकीबद्दल विचारलं तर सांगा, हा माझा विषय नाही. हे कॅमेऱ्यासमोर एकदा म्हणून पाहा, बघणाऱ्यांना ते नवीन असतं. आकाशवाणी जळगावच्या शेतीच्या कार्यक्रमासाठी विचारणा झाली तर मात्र ती सोडू नका. तिथे मध्येच कुणी वाक्य तोडत नाही, आणि पाणी भरताना रानात रेडिओ लावणारे लोक अजून आहेत. जमलं तर ऑगस्टचा दुसरा पंधरवडा मागून घ्या. कपाशीत डोमकळ्या, म्हणजे आत अळी असल्याने नीट न उमललेली फुलं, शोधून वेचायची वेळ तीच असते.